हँडब्रेक, साडू आणि सासूबाईंचा डोळा

सोमवार, ३ मार्च
संकल्प: गाडीचे मागचे ड्रम ब्रेक आणि हँडब्रेक घरीच अ‍ॅडजस्ट करणे. शनिवारी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. हॉस्पिटल चढावर, पार्किंगही चढावर. संध्याकाळी त्यांना मीच घरी आणणार, असं जाहीर केलं. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी गाडी मागे सरकते, पण ही किरकोळ बाब आहे. साडूने लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, मी आणतो, माझी गाडी आहे की, नुसतं बटण दाबलं की ब्रेक! त्यावर बायकोने अंगठा टाकला. माझ्या बायकोने!

मंगळवार, ४ मार्च, सकाळ
ऑफिसला दांडी. हँडब्रेकच्या केबलचा नट आवळला. काम फत्ते. आता दांडा जरासा ओढला तरी घट्ट. मेकॅनिक यासाठी अख्खा दिवस गाडी अडकवून ठेवतात. लुटारू लेकाचे.

संध्याकाळ
बाजारात जाऊन आलो. जळका वास. बायको म्हणाली आपल्याच गाडीचा. मी म्हटलं पुढच्या ट्रकचा. पुढे ट्रक नव्हता. मागच्या चाकाला हात लावला तर चटका बसला.
तासाभरात साडूचा फोन. म्हणे आधी चाकातले ब्रेक शू ड्रमजवळ आणायचे, केबल सगळ्यात शेवटी, नाहीतर ब्रेक सुटतच नाही. हा बँकेत कर्ज वाटतो! याला वासाचं कुणी सांगितलं? गाडीत आम्ही दोघंच होतो. घरभेदी कोण ते उघड आहे.

बुधवार, ५ मार्च
केबल सैल केली. (साडूने सांगितलं म्हणून नव्हे. मला आधीच सुचलं होतं.) जॅक लावला. चाकामागच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून आतली दातेरी चकती फिरवायची, शू हलकेच घासू लागले की थांबायचं. उजवं चाक झकास. डावीकडे तेवढेच दाते, त्याच दिशेने. शिस्त म्हणजे शिस्त. डावं काही घासेना. आणखी फिरवलं. तरी नाही. असतो एकेका चाकाचा स्वभाव. शेवटी केबल बेताने आवळली.

गुरुवार, ६ मार्च
सोसायटीच्या उतारावर ट्रायल. बायकोला म्हटलं, शेजारी बस. म्हणाली, दूध उतू जातंय. गॅस बंद होता, मी डोळ्यांनी पाहिला. हँडब्रेक ओढला. गाडी जागच्या जागी. खाली उतरून हात झटकले. तेवढ्यात बया मागे निघाली आणि थेट अध्यक्षांच्या कुंड्यांवर जाऊन बसली. बारा वर्षं धुतलं-पुसलं हिला! त्याचे हे पांग फेडले.
साडूचा फोन, अर्थातच. डावी चकती उलट फिरवायची असते म्हणे. म्हणजे काल तासभर मी डावा ब्रेक आवळत नव्हतो, सोडवत होतो. एकाच गाडीच्या दोन चाकांनी आपसात असं ठरवावं आणि मालकाला कळू देऊ नये!

शुक्रवार, ७ मार्च
सासूबाईंना साडू आणणार, असं परस्पर ठरलंय. मला लेकीकडून कळलं. बाबा, तुम्ही चिडू नका म्हणाली. चिडलो. जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)
दुपारी खुद्द सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, येईन तर थोरल्या जावईबापूंबरोबरच, माझा त्यांच्यावर विश्वास आहे. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं. जगात एक तरी माणूस आपलं आहे!
डावी चकती उलट फिरवली. चाक जाम झालं. थोडी सोडली. आता बहुतेक बरोबर आहे.

शनिवार, ८ मार्च, संध्याकाळ
गाडी काढली. कोपऱ्यापर्यंत नेली. तो चढ डोळ्यांपुढे आला, आणि डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासूबाई. गाडी परत आणून लावली, चाकामागे दोन विटा ठेवल्या, टॅक्सी केली. घरी चकार शब्द बोललो नाही.
सासूबाई मुकाट टॅक्सीत बसल्या. मीच सुरू केलं, की ब्रेकचं काम तसं चोख झालंय, पण आज जरा... त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, मला ठाऊक होतं हो, त्या गाडीत मला बसवायची तुमची छाती व्हायची नाही, तुम्ही टॅक्सीच आणाल. म्हणून तर तुमचं नाव घेतलं. धाकट्या जावईबापूंच्या गाडीत मला मळमळतं.
हा तो विश्वास.