गळलेलं एक अक्षर

तीर्थरूप आई,

तुझ्या पहिल्या विद्यार्थिनीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवते वेळेवर. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझं काम तू विचारलं होतंस. जिवाणूच्या जनुकाच्या शेवटी ‘थांब’ सांगणारी तीन अक्षरं असतात. त्यातलं एखादं बदललं, की जनुक शेजारच्या जनुकात शिरतं. मग तेवढी अक्षरं दोघांची सामाईक होतात आणि एकाला बदलायचं तर दुसऱ्यालाही धक्का बसतो. असं एक नवं जोडपं मला सापडलं होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी त्यावरचा निबंध परिषदेला पाठवूनही टाकला. माझ्या इथल्या नेमणुकीची मुदत वाढणं त्यावरच होतं.

तू गणितं शेवटून तपासायला लावायचीस, तसं मी तीन दिवसांपूर्वी ते उलट्या बाजूने वाचून घेतलं. आमच्याच वाचनात एक अक्षर गळलं होतं. जनुक मुळात जिथल्या तिथे थांबत होतं.

दोन दिवस तेच पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. काल मॅडमना सांगितलं.

“दोन दिवस काय मुहूर्त बघत होतीस?” मॅडम म्हणाल्या. “निबंध मागे घेतल्याचं पत्र तूच लिही.”

लिहिलं. सही करताना त्यांनी खाली हाताने एक ओळ वाढवली: ‘चूक हिनेच शोधली.’

मुदतीचं महिन्याने कळेल. बाबांना इतक्यात बोलू नकोस, ते लगेच इकडची तिकिटं काढतील.

आमच्या यादीतली उरलेली एकोणतीस जोडपीही आता उलटी वाचायची आहेत. आज चार झाली. चारही बरोबर निघाली.

तुझी,
चिमी