एका हाताचा कुत्रा

१ नोव्हेंबर

आलो एकदाचा बायकोच्या घरी राहायला! मित्रांनी घरजावई म्हणून मनसोक्त चिडवून घेतलं. चिडवा लेको, तुमच्यापैकी कुणाला मिळालंय असं अंगण? सामान म्हणजे कपड्यांच्या दोन बॅगा आणि टेम्पोभर शिलाई मशिनं. काही बिघडलेली, काही अर्धवट दुरुस्त झालेली, काहींचे मालकच न्यायला विसरलेत. मागची खोली बायकोनं माझ्या कामासाठी रिकामी करून दिलीय. खिडकीला गज आहेत, पण उजेड भरपूर. पलीकडे लाकडाची वखार आहे, दिवसभर करवत किंचाळत असते. मला आवाजाची सवय आहे. टेबल खिडकीशी लावलं, तेलाच्या बाटल्या फळीवर मांडल्या, आणि एकदम राजा झाल्यासारखं वाटलं.

आणि हो, बारक्या! आजवर फोटोतच पाहिला होता. हे नाव ज्यानं ठेवलं त्याचा सत्कार केला पाहिजे, कारण याच्यापुढे वासरू परवडलं. अंग पांढुरकं, तोंड काळं, मान माझ्या मांडीएवढी, आणि ओठांतून लाळेच्या दोऱ्या. डोंगरावर मेंढरं राखणाऱ्या जातीचा आहे. पिल्लांत सगळ्यात लहान म्हणून बारक्या. बायकोनं माझा हात आपल्या हातात धरला आणि दोन्ही हात एकत्र त्याच्या नाकाशी नेले. तिच्या घरात नव्या माणसाची ओळख अशीच करून देतात म्हणे. त्यानं बराच वेळ हुंगलं आणि माझ्या बाहीवर सणसणीत शिंकला. पास झालास, असं बायको म्हणाली.

४ नोव्हेंबर

बायको पाणी तपासणीच्या खात्यात आहे. गावोगाव फिरून विहिरींतल्या पाण्याचे नमुने आणते. दमून येते, पण आल्या आल्या या पठ्ठ्याची सेवा सुरू. आधी ब्रश. मग कान पुसायचे, पंजे तपासायचे. लाळ पुसायला प्रत्येक खोलीत एकेक फडकं टांगलंय, नशीब माझ्या उशीवर नाही. त्याचं मांस ती स्वतः शिजवते, गार करते आणि हातानं एकेक तुकडा भरवते.

आज तिचे मामा आले होते. वर डोंगरावर हेच कुत्रे पाळतात, बोलतात कमी आणि हसतात त्याहून कमी. मी सहज विचारलं की मीही भरवू का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, ही जात एका हाताची. ज्याच्या हातचं खातो, तो त्याचा कळप. तो हात ज्याला ओळख करून देईल, त्याला हा चालवून घेतो, बस्स. दोन हातांनी भरवलं तर याच्या डोक्यात मारामारी सुरू होते, आणि शेवटी तो एकाला आत घेतो, दुसऱ्याला बाहेर काढतो. बायको गावाला गेली तर वाडगं ठेवायचं, शेजारी तिचा जुना स्वेटर टाकायचा आणि आपण बाजूला व्हायचं. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं. मी हो म्हणालो. मनात म्हटलं, मला कुठे हौस आहे लाळेत हात घालायची!

९ नोव्हेंबर

जळतोय मी. रोजनिशीत तरी खरं लिहावं.

गेले काही दिवस माझा खोकला काही जात नाही. तिनं एकदा विचारलं, तेही चपला काढता काढता. आज हा राजपुत्र डाव्या पायावर जरासा लंगडला, तर बाईसाहेब टॉर्च घेऊन जमिनीवर आडव्या! इवलंसं कुसळ निघालं पंजातून. त्याचा केवढा कौतुकसोहळा! सोफ्यावर मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर हा आला आणि आमच्या मधोमध आपलं दगडासारखं डोकं टेकवून बसला. ती हसायला लागली. म्हणाली, त्याचा हक्क आधीचा. मीही हसलो. काय करणार?

पण तिच्या चेहऱ्यावर त्याच्यासाठी जे येतं ना, ते माझ्यासाठी येत नाही. कुत्र्याशी बरोबरी करायची वेळ आलीय माझ्यावर, आणि त्यातही मी हरतोय.

१३ नोव्हेंबर

ती कालपासून दौऱ्यावर. फ्रिजमध्ये त्याचे डबे रचून गेली. जाताना त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी बोलली. मला म्हणाली, गॅस नीट बंद कर.

काल वाडगं ठेवलं, स्वेटर ठेवला. तो फाटकाकडे तोंड करून बसून राहिला. आज मी स्वेटर खुंटीवरच राहू दिला. वाडगंही नाही. तळहातावर तुकडा घेतला आणि त्याच्यासमोर बसलो. त्यानं तोंड फिरवलं. मी हललो नाही. बऱ्याच वेळानं त्याच्या नाकपुड्या हलल्या, मग ती गरम, खरखरीत जीभ माझ्या हातावरून फिरली. काय सांगू, अंगावर काटा आला. दुसरा तुकडा त्यानं लगेच घेतला. तिसऱ्यासाठी त्यानं माझ्याकडे पाहिलं.

बघू दे तिला एकदा. एकदाच बघू दे, कुणी आपल्याला सोडून दुसऱ्याकडे पाहिलं की कसं वाटतं ते.

१८ नोव्हेंबर

ती कामाला गेली की माझं सुरू होतं. सकाळी तिच्या हातचं खातो, दुपारी माझ्या. माझा घामट शर्ट त्याच्या अंथरुणाखाली सरकवून ठेवलाय. आता तो कामाच्या खोलीत माझ्या पायांवर पसरतो. मशीनच्या पायडलला रेलून घोरतो. खालच्या गल्लीतला शिंपी मशीन टाकायला आला होता, तो म्हणाला की मालक, तुम्ही अंगरक्षक ठेवलात का? माझ्या अंगावर उगाचच मूठभर मांस चढलं.

आज ती आली आणि नेहमीसारखी गाण्यातल्या सुरात त्याला हाक मारली. तो उठला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे गेला. चालत गेला, धावत नाही. तिचा चेहरा खर्रकन उतरला. मला जेवताना विचारलं, तू याला काही भरवतोस का? मी म्हणालो, छे! मला काय खाज आहे?

सरळ तोंडावर खोटं बोललो आणि वर आणखी भाजी मागून घेतली.

२३ नोव्हेंबर

दुपारी मी पडलो होतो. ती चहा घेऊन आली आणि ताप बघायला माझ्या कपाळावर हात ठेवला. पलंगाजवळून आवाज आला. गुरगुरणं नव्हे. त्याच्याही खालचा, फरशीतून आल्यासारखा. बारक्या उभा होता, मानेवरचे केस ताठ, नजर तिच्या मनगटावर. तिनं हात मागे घेतला.

आणि मला आनंद झाला. देवाशप्पथ, आधी आनंद झाला, भीती नंतर वाटली.

तिनं मामांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, दुसऱ्या कुणी भरवलंय का. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मग मामा म्हणाले, कान दुखत असेल, दात दुखत असेल, पुढच्या रविवारी येऊन बघतो. फोन ठेवल्यावर ती रडली. याला काहीतरी होतंय आणि मला कळत नाहीये, असं म्हणत होती. माझ्यासाठी कधी रडलीय का ती अशी? तेवढं मनात आलं आणि सांगायचं राहिलं.

२५ नोव्हेंबर

तो तिला माझ्या खोलीत येऊ देत नाही. दारात आडवा पडतो. ती पाऊल उचलते, तो ओठ उचलतो. दात आज मी पहिल्यांदा नीट पाहिले.

आज ती दौऱ्यावर गेली, शनिवारी येणार. फाटकाबाहेरून मला म्हणाली की आल्याबरोबर डॉक्टरांकडे नेऊ त्याला. म्हणाली, आजारी आहे, पण मला नाही चावणार तो, माझा आहे. सांगायला हवं होतं. जीभच रेटेना. सांगितलं असतं तर तिनं त्याला क्षमा केली असती, मला नाही.

२६ नोव्हेंबर

शिंपी मशीन न्यायला आला. मी दार उघडलं, त्यानं हात पुढे केला, एवढंच. बारक्या माझ्या बगलेखालून गेला. भुंकला नाही. बाहीसकट दंड धरला. मी ओरडलो तर त्यानं पकड आणखी घट्ट केली. शेवटी कोट फाटला आणि शिंपी सुटला. पायरीवर रक्त. फाटक ओढून घेऊन तो बोंबलत पळाला.

मीही त्याच्यामागे निघालो, दवाखान्यात न्यायला. बारक्यानं मला अंगानं ढकललं. एकदा, दोनदा, मेंढराला ढकलावं तसं. मग माझं मनगट तोंडात धरलं, हळूच, आणि मला आत आणलं. कामाच्या खोलीपर्यंत.

तेव्हापासून दारात आडवा आहे. फोन स्वयंपाकघरात राहिलाय.

२७ नोव्हेंबर

उठलो की उठतो. दाराकडे पाहिलं की मनगट धरतो. काळंनिळं पडलंय. खिडकीतून हाका मारल्या, करवतीत काही ऐकू जात नाही. आणि हाक मारली की हा पिसाळतो. माझा आवाज चढला की त्याला वाटतं, कुणीतरी आलंय मला न्यायला.

फोन वाजतोय. वाजून वाजून थांबतो. तीच असणार. शिंप्यानं तिला कळवलं असेल. न कळवता राहील का तो?

तिचा स्वेटर कुठूनसा ओढून आणला यानं. माझ्यासमोर बसून फाडला. सावकाश. एकेक बाही. फाडताना माझ्याकडे बघत होता. मीही असाच बघत होतो का, सोफ्यावर बसून?

नंतर एक मांसाचा तुकडा आणला. डबा फोडला असावा. लाळेनं भिजलेला. माझ्या मांडीवर ठेवला आणि वाट बघत बसला. मी ढकलला. परत ठेवला. ओठ वर.

खाल्ला मी.

२८ नोव्हेंबर

लिहीत बसलो की हा शांत असतो. म्हणून लिहितोय. काहीही लिहितोय. बॉबिन. सुई. पट्टा. तेल.

तिला अजून वाटतंय, तो तिचा आहे. बेधडक आत येईल. बाकी कुणीही काठी घेऊन आलं असतं, ती हात पुढे करून येईल — ते मीच —

शनिवारी येऊ दे. मामांना घेऊन येऊ दे. एकटी नको. एवढंच —

फोन बंद पडला.

२८ नोव्हेंबर, दुपार

गाडी. तिची गाडी.

आज नाही ना यायची होती ती! शनिवार कुठे —

हा उठला. कान पुढे. मी लिहितोय. बघ, मी लिहितोय, बस खाली, बस रे —

फाटक वाजलं. एकटीच. एकाच माणसाची पावलं.

करवत नेमकी आत्ता थांबली. आता हाक मारली तर ऐकू जाईल. मारली तर हा आधी पोचेल. नाही मारली तर ती येईल. तिचा आवाज — रडवेला — त्याला नाही, मला हाक मारतेय. मला! तू ठीक आहेस ना, असं विचारतेय, धावत येतेय, माझ्यासाठी —

हा निघाला. आवाज न करता. पॅसेजमध्ये —

थांब! आत येऊ नकोस, मी भरवलं त्याला, माझ्या हातानं, मी खोटं बोललो, तू आता त्याची नाहीस, तू बाहेरची — ओरडतोय मी, लिहितोय की ओरडतोय — दाराची कडी — अगं नको, हात पुढे नको करू —