लव्हाळ्यात पडलेला ड्रॅगन

प्रजासत्ताकाचं सोळावं वर्ष,
आठव्या महिन्याची तेवीस तारीख

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. भावोजींचा खोकला आता उतरला असेल आणि सासूबाईंचे गुडघे त्यांना फार छळत नसतील, अशी आशा आहे. इकडे पाऊस नाहीच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी वाळली, त्यामुळे घरोघरी पेज पातळ झाली आहे. सोबतीला खारवलेला मुळा असतो. माझी तब्येत ठीक आहे. जिल्ह्याच्या बखरीचं नवं पुस्तक छापखान्यात जायचं आहे, त्यामुळे कचेरीत बसून डोळे फोडणं चालू आहे.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिल्याला मी उत्तर दिलं नाही, आणि दुसऱ्यात तू मायनासुद्धा लिहिला नाहीस. एकच ओळ होती: 'तो खरंच ड्रॅगन होता का, एवढंच सांग.'

ही ओळ कुठून आली ते मला ठाऊक आहे. तुझी छायवेइ अकरा वर्षांची होती, लग्नाआधी गेली, म्हणून तिला घराण्याच्या स्मशानात जागा मिळाली नाही. शेताच्या बांधाला पुरावं लागलं. तिच्या नावाने उदबत्ती लावायला कुणी नाही. गावचे वडीलधारे मात्र म्हणतात, पोर ड्रॅगनला पाणी देता देता गेली, तेव्हा ड्रॅगनराजाच्या देवळात तिची स्मृतिपाटी बसवू, वर्षातून दोनदा अख्खं गाव हात जोडेल. अट एकच, बखरीत 'ड्रॅगन' अशी नोंद हवी. आणि बखर लिहितो मी.

तर ऐक.

आमच्या जुन्या बखरीत एकोणीस ड्रॅगन आहेत. एक विहिरीतून निघाला, एक धान्यकोठाराच्या छपरावर वेटोळं घालून बसला, एकाने मातीचा बांध फोडला. कुठे महिना-तारीख आहे, कुठे नुसतं 'उन्हाळ्यात'. छायवेइ माझ्याकडे राहून अक्षरं शिकत होती, तेव्हा मी तिला ह्याच नोंदी वाचायला द्यायचो, कारण दुसरं काही दिलं की ती जांभया द्यायची. एकदा मला म्हणाली, "मामा, एकोणीसपैकी एकही तू पाहिला नाहीस?"

"नाही."

"मग तुला काय माहीत खरे होते ते? पुस्तकातला किडा नुसता."

ह्या बोलण्यावर मी हसलो होतो, ताई. खरं सांगायचं तर जिव्हारी लागलं होतं. वीस वर्षं मी मेलेल्या लोकांनी पाहिलेलं उतरवून काढतोय. विसावा ड्रॅगन माझ्या हातून लिहिला जावा, अशी माझी फार इच्छा होती.

सहाव्या महिन्यात एका रात्री पाऊस न पडताच नुसता वारा सुटला आणि भरती खाडीत खूप आत घुसली. सकाळी लव्हाळं कापणारी एक बाई ओरडत गावात आली. आम्ही सगळे धावलो. चिखलात तो पडला होता, घरांच्या ओळीएवढा लांब, काळाभोर, अजून श्वास घेत होता. कुणीतरी म्हणालं, आभाळातून पडलाय. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कचेरीतून जुनी बखर आणली आणि लव्हाळ्याच्या कडेला उभा राहून वाचून दाखवली. तीनशे वर्षांपूर्वीची नोंद आहे. 'ड्रॅगन लव्हाळ्यात पडला. लोकांनी चटयांनी झाकून पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी गेला.'

"गेला म्हणजे कुठे?" मागून कुणीतरी विचारलं.

"वर," मी म्हणालो.

पुस्तकात 'वर' नाही. आपल्याकडे घरातलं माणूस मेलं तरी 'गेलं' म्हणतो, हे तेव्हा मला सुचलं नाही. की सुचू दिलं नाही, देव जाणे. वर गेलेला ड्रॅगन पाऊस पाठवतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तासाभरात चटया बांधून झाल्या. वडीलधारे म्हणाले, आभाळातला जीव, त्याला खाडीचं खारं पाणी चालायचं नाही. गावातली एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर उपसायला सुरुवात झाली. उपाशी माणसं ओळीने उभी राहून हातोहात बादल्या देत होती, एकमेकांची थट्टा करत होती. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. छायवेइ सगळ्यांत पुढे होती. ती त्याच्या डोळ्याजवळ पाणी ओतायची आणि त्याच्याशी बोलायची.

इथपर्यंत तुला बाकीच्यांनीही सांगितलं असेल. पुढचं कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिंग आला. समुद्रावर चाळीस वर्षं काढलेला म्हातारा, आता जाळी विणतो. त्याने चटईखाली एकदा डोकावलं आणि मला बाजूला घेतलं.

"मास्तर, हा देवमासा आहे. आम्ही ह्याला म्हातारबा म्हणतो. असे तीन पाहिलेत मी. अंगाच्या ओझ्यानेच मरतो तो, पाण्याने काय होतंय? लोकांना सांगा, विहीर तरी वाचेल."

"तुझी खात्री आहे?"

"तुमची नाही का?" तो म्हणाला. "तुम्ही तर काल त्याच्या शेपटीला हात लावून आलात."

माझी खात्री होती, ताई. हात लावला तेव्हाच झाली होती. ड्रॅगनला असतात तसे खवले त्याला नव्हते. मी तिंगला म्हणालो, उद्यापर्यंत गप्प बस, लोकांना एवढा आनंद झालाय. लोकांचं निमित्त होतं. मला माझी नोंद हवी होती. तो खांदे उडवून निघून गेला.

त्यानंतर घटकाभराने बादलीत नुसता चिखल येऊ लागला. अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते तू जाणतेस. हलकं पोर कमरेला दोर बांधून विहिरीत सोडायचं आणि वाडग्याने पाणी खरवडून घ्यायचं. छायवेइ पळत माझ्याकडे आली. मी शेपटीपासून लांबी मोजत होतो.

"मामा, मी उतरू? पुस्तक तीन दिवस म्हणतं. एकच दिवस राहिलाय."

मी तिला काय म्हणालो हे तू मला कधी विचारलं नाहीस. विचारशील ह्या भीतीनेच मी पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही. मी म्हणालो, "जपून." एवढंच. मोजपट्टी हातातून खाली ठेवलीसुद्धा नाही.

आतली वीटबंदी जुनी होती, आणि पाणी गेल्यावर मागची माती सुटली. तिला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. वाडगं तिच्या हातात नव्हतं, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. तिच्यानंतर एका दिवसाने तो मासा मेला. तिसऱ्या दिवशी गेला, बखरीत लिहिल्याप्रमाणे.

हल्ली मी त्या एकोणीस नोंदी पुन्हा पुन्हा वाचतो. पूर्वी मला प्रश्न पडायचा, हे ड्रॅगन खरे होते का. आता वाटतं, प्रत्येक नोंदीमागे माझ्यासारखा एक कारकून असेल आणि त्याच्यासमोर रडणारी कुणाची तरी आई. सगळ्याच नोंदी तशा असतील असं नाही. पण मला आता त्यातल्या एकीवरही विश्वास ठेवता येत नाही, आणि ह्या कामाखेरीज मला दुसरं काही येत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी नोंद लिहिली. 'ड्रॅगन लव्हाळ्यात पडला. गावकऱ्यांनी पाणी ओतलं. श्याओ घराण्याच्या एका मुलीने त्यासाठी प्राण दिले.' मुख्य संपादकांनी शेवटचं वाक्य खोडलं. म्हणाले, शुभशकुनांच्या प्रकरणात मरण येत नाही. 'ड्रॅगन' त्यांनी राहू दिला. देवळाला तेवढं पुरे झालं. पाटी नवव्या महिन्याच्या नवमीला बसेल.

मी ह्या पत्रात 'होय' एवढा एकच शब्द लिहू शकलो असतो. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. पण तू बखरीला नाही, मला विचारलंस. तो ड्रॅगन नव्हता, ताई. तुझी मुलगी एका मरणाऱ्या माशासाठी विहिरीत उतरली, आणि तो मासा आहे हे मला माहीत होतं.

आता हे पत्र देवळात नेऊन वाचलंस तर पाटी बसणार नाही, आणि तुझं काही चुकणार नाही. जाळलंस तर नवमीला तुला सगळ्यांसोबत हात जोडून उभं राहावं लागेल, मी शेजारी उभा असेन. ह्यातलं तू काय करावंस हे सांगायचा हक्क मला उरलेला नाही.

पाटी तयार आहे, सुताराकडे पाहून आलो. मुलींची नावं कोरत नाहीत म्हणून तिच्यावर भावोजींच्या घराण्याचं नाव लावून 'श्याओ कन्या' एवढंच आहे. 'छायवेइ' हे नाव तिने स्वतः लिहायला शिकल्यावर पहिल्यांदा गिरवलं होतं, तो कागद सोबत पाठवतो. तो तुझ्याकडेच राहू दे.

सर्व कळूनही गप्प बसलेला,
तुझा धाकटा भाऊ
लुआन च्युनमो