अक्काला ऐकू आलेलं पान

जळगाव, रविवार संध्याकाळ

पारोळ्याच्या अक्काची, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीची, नजर गेल्यापासून फोनच तिला सगळं वाचून दाखवतो. आईच्या मसाल्यांच्या कृतींचं वेब पेज मी हौसेनं बनवलं, पण फोन नुसतं "बटण, बटण" म्हणायचा. माझ्या चित्रांच्या बटणांना नावंच नव्हती! आज सजावट काढून साधे मथळे, साधा मजकूर ठेवला. ब्राउझरला एवढंच हवं होतं?

लगेच अक्काचा फोन, आता सगळं ऐकू येतं म्हणून. "आते बठ्ठं ऐकू येस, भाऊ! कोणले इचारानं काम नही."

पान फोनला वाचता यावं ही सोय ब्राउझरमध्ये आधीच करून ठेवणारी माणसं कोण, कुठली? त्यांचे उपकार कसे मानू? आणि मी मात्र तिला ऐकवलं काय, तर बटण, बटण...

"पन काळा मसालामा धना कमी लिखेल शेत," अक्का म्हणाली.

लगेच आईच्या मापाप्रमाणे धने वाढवून दुरुस्त केलं. आता ते पान खरं आईचं झालं.