डावी विंग

प्रिय यश,

फोनवर तू "बरंय ताई, बस काढायची वेळ झाली" म्हणतोस आणि विषय तिथंच राहतो. म्हणून लिहायला बसले. घरी निवांत बसून वाच, ड्युटीवर नको.

पप्पांचा प्रयोग छान झाला, एवढंच आईनं तुला सांगितलं असेल. ते खोटं नाही. पण मी विंगेत उभी होते, आणि तिथून मला जे दिसलं ते आईलाही मी कालपर्यंत सांगितलं नव्हतं.

पाणीपुरवठ्यातून रिटायर झाल्यापासून पप्पांना नाटकाशिवाय काही सुचत नाही, हे तुला माहीतच आहे. यंदा स्पर्धेत मुख्य भूमिका त्यांची होती, बंद पडलेल्या गिरणीच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याची. त्याची मुलगी घर सोडून गेलेली आहे आणि तो अजून तिची वाट बघतोय. रंगमंच व्यवस्था माझ्याकडे होती. कोण कधी आत जाणार, दिवे कधी बदलायचे, सगळं मी विंगेतून बघायचं आणि मागच्या खोलीत दिव्यांवर बसलेल्या चन्नवीरला वॉकीटॉकीवर सांगायचं. तालमीत पप्पा फार चिडायचे. त्यांच्यासोबत काम करणारा सिद्धराम डावीकडून आत आला की दचकायचे आणि वर त्यालाच बोलायचे, "पाय वाजवत ये की रं, मांजरासारखा काय येतूस?" आम्हाला वाटलं, वय झालं, स्पर्धेचा ताण आलाय.

पहिल्या अंकाच्या शेवटी पप्पा रंगमंचाच्या मागच्या बाजूला, उंच लेव्हलच्या चौथऱ्यावर, गिरणीच्या फाटकाशी उभे असतात. तिथं ब्लॅकआऊट होतो. त्या अंधारात त्यांनी पायऱ्या उतरून डाव्या विंगेत, माझ्याकडे यायचं, मग पुन्हा उजेड आणि मोकळं फाटक. पायऱ्यांना आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला मी रेडियमच्या पट्ट्या लावल्या होत्या. अंधारात त्या मला लख्ख दिसत होत्या.

ब्लॅकआऊट झाला. पप्पा उतरल्याचा आवाज आला. मी हात पुढे करून उभी राहिले, आणि पावलं लांब जायला लागली. त्यांचा पांढरा सदरा पुसट दिसत होता. ते माझ्याकडे वळलेच नव्हते. सरळ पुढं, प्रेक्षकांच्या दिशेनं चालले होते. पुढं कड, आणि खाली छातीएवढ्या खोलीवर फरशी.

धावत गेले तर पोचणार नव्हते. दिवे लावायला सांगावं म्हणून बटण दाबलं, तर चन्नवीरला नुसती खरखर ऐकू गेली. पट्टीची हिरवी रेघ त्यांच्या पायाखाली झाकली गेली, आणि मी ओरडले, "पप्पा, थांबा. मी हितं हाय."

ते थांबले. एक पाऊल अर्धं बाहेर होतं. काहीतरी बिनसलंय एवढं चन्नवीरनं ओळखलं आणि अगदी मंद उजेड सोडला. पप्पांनी खाली पाहिलं. मग हळूच मागं सरकून आवाजाच्या दिशेनं वळले, हात चाचपडत माझ्यापर्यंत आले आणि माझा दंड धरला. त्यांची बोटं गार पडली होती. बाहेर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला मुलीचा भास झाला. परीक्षकांनी तर त्या हाकेचं वेगळं कौतुक केलं.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत त्यांना विचारलं. "अंधारात कुणाला दिसतंय गं?" म्हणाले. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून टॉवेल पुढे धरला. समोरच्या आरशात बघत ते म्हणाले, "टॉवेल दे की." टॉवेल त्यांच्या कानाशी होता.

दुसऱ्या दिवशी भांडून डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेलीय, डाव्याची जास्त. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थेंबांवर टिकवायची. पप्पांनी मान डोलावली आणि पुढचा प्रयोग कधी करता येईल ते विचारलं. मला त्यांचा राग आला आणि बरंही वाटलं.

मग डॉक्टर म्हणाले, हा आजार घराण्यात चालतो, मुलांनी लगेच तपासून घ्यावं. मी तिथंच तपासून घेतलं. माझे डोळे ठीक आहेत. ते सांगायला बाहेर आले, तर पप्पा बाकावर तोंड झाकून बसले होते. स्वतःचं ऐकून ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ते म्हणाले, "यश बस चालवतो की गं."

गेल्या महिन्यात तुझ्या साक्षीनं मला हसत सांगितलं होतं, की तू बसचा डावा आरसा पुन्हा खांबाला घासलास. मीही हसले होते. आता झोप लागत नाही. तुझे डोळे चांगले निघाले तर मला वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन. पण उद्या ड्युटीवर जाऊ नकोस. साक्षीला घेऊन आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि ते काय म्हणतात ते मला सांगेपर्यंत बस हातात घेऊ नकोस. तुझ्यामागे चाळीस माणसं बसलेली असतात, यश. मला तिथं येऊन हाक मारता येणार नाही.

तुझीच,
धम्माताई