तीन दिवस, तीन जिने

३ जानेवारी, सकाळी ६.१०
ठरलं. एप्रिलमधली तीन दिवसांची अल्ट्रा ट्रायथलॉन मी करणार. पहिल्या दिवशी तलावात दहा किलोमीटर पोहायचं, लगेच दीडशे किलोमीटर सायकल. दुसऱ्या दिवशी पावणेतीनशे किलोमीटर सायकल. तिसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी किलोमीटर धावायचं. प्रत्येक दिवसाला बारा तास. माझं वय सेहेचाळीस, वजन एक्क्याऐंशी. हे किरकोळ तपशील. निश्चय महत्त्वाचा.
६.२५ ला परत झोपलो. रिकव्हरी.

३ जानेवारी, संध्याकाळी
घरात जाहीर केलं. बायकोने विचारलं, माळ्यावर दुर्बीण, कीबोर्ड आणि मधमाश्या पाळायचा पोशाख आहे, आता सायकल कुठे ठेवायची. मेहुण्याने टीव्हीचा आवाज वाढवला. सासूबाई म्हणाल्या, दहा किलोमीटर म्हणजे नदी किती वेळा ओलांडायची. त्यांचे वडील नावाडी होते. त्यांना सगळं नदीतच मोजायची सवय. दुर्लक्ष केलं.

५ जानेवारी
मुख्यालय हवं. त्यासाठी मागची खोली उत्तम, पण तिथे ऑक्टोबरपासून सासूबाई आहेत. स्वतःच्या घराच्या जिन्यावरून घसरल्या, घोट्याचं हाड मोडलं, हिने इकडे आणलं. हाड जुळलं, काठी सुटली नाही. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मी एकोणीस वर्षं लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात आहे, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागतं.
त्या घराची किल्ली हिने आपल्या कपाटात ठेवली आहे. सासूबाई रोज म्हणतात, मला माझ्या घरी जाऊ दे. ही रोज म्हणते, आई, पुन्हा पडलीस तर तिथे बघायला कोण आहे. मग दोघी तासभर बोलत नाहीत. मायलेकींच्या भांडणात माझं मुख्यालय अडकून पडलंय.

९ जानेवारी
नियमावली वाचली. प्रत्येक स्पर्धकाबरोबर किमान दोघांची सपोर्ट क्रू आणि गाडी सक्तीची. म्हणजे खरी शर्यत क्रूचीच. ॲथलीट काय, तयारच असतो.
क्रू चीफ: ही. ड्रायव्हर: मेहुणा. तो लॉन्ड्रीची व्हॅन चालवतो, रविवारी गाडी मोकळी असते. एकतीस पानांचं मॅन्युअल लिहिलं. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे केळं, तीन म्हणजे उकडलेला बटाटा. मेहुण्याने पहिलं पान वाचून विचारलं, चार शिट्ट्या झाल्या तर? असले प्रश्न नियोजनाला मारक असतात.

१४ जानेवारी
सायकल आली. सीट एवढीशी. माणसाच्या शरीराचा विचार न करता बनवलेली वस्तू. कंपनीला तक्रार लिहिली, दोन पानी. सोमवारपासून ट्रेनिंग.

१९ जानेवारी, सोमवार
तक्रारीचं उत्तर आलेलं नाही. तोवर बसणं योग्य नाही.

२५ जानेवारी, रविवार
पहिला ड्रिल. चालत्या व्हॅनमधून सायकलवाल्याच्या हातात बाटली द्यायची. अडचण अशी की मीच सायकलवर बसलो तर क्रूच्या चुका कोण बघणार? डमी ॲथलीट हवा. ही शिट्टीवर, मेहुणा स्टीअरिंगवर. उरल्या सासूबाई. आमची वजनं साधारण सारखीच आहेत. ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. घोट्यासाठी डॉक्टरांनी सायकल सांगितलीच होती. शिवाय त्या एकतीस वर्षं पोस्टात होत्या, सायकलवरून टपाल वाटायच्या. तेवढा तोल तरी असणारच.
पहिल्या सहा बाटल्या रस्त्यावर. माझा हात पोचत नव्हता. मग डोकं चाललं. सासूबाईंच्या काठीची मूठ वाकडी आहे. तिला बाटली अडकवून काठी खिडकीतून बाहेर धरली. सातवी बाटली बरोबर हातात. काठी क्रूच्या सामानात जमा केली.
आज आपण अकरा किलोमीटर केले.

१ फेब्रुवारी, रविवार
आज आपण चौतीस. पाणी पिऊन झालं की सासूबाई बाटली नेमकी माझ्या मांडीवर फेकतात. झाकण न लावता. मॅन्युअलमध्ये नवीन कलम घातलं.

७ फेब्रुवारी
पोहण्याचा तलाव. मला लहानपणापासून पोहता येतं. पाण्यात उतरल्यावर आठवलं की लहानपणी बरोबर टायरची ट्यूब होती.
चार मीटर झाले. पाण्यात क्लोरीन बेसुमार आहे, त्याची तक्रार नोंदवही मागून घेऊन लिहिली. तोवर लेन दुसरं कोणी बळकावू नये म्हणून टॉवेल धरायला आलेल्या सासूबाईंना पाण्यात उभं राहायला सांगितलं. तक्रार लिहून, सँडविच खाऊन परत येतो तर बाई उभ्या नव्हत्या. साठ फेऱ्या झाल्या होत्या. तिथल्या ट्रेनरने विचारलं, या कधीपासून तयारी करताहेत. मी म्हटलं, जानेवारीपासून, प्रोग्रॅम माझा आहे. त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. निदान बराच वेळ पाहिलं.

१६ फेब्रुवारी
ऑफिसात साहेबांनी रजा मंजूर केली आणि नोटीस बोर्डावर माझं नाव लावलं. सगळे म्हणाले, मेडल दाखवायला आणा. एकाने खोचकपणे विचारलं, मग तुम्ही जिना का नाही चढत. त्याला सांगितलं, लिफ्ट कंपनीत राहून जिना चढणं ही मालकाशी बेइमानी आहे.

२ मार्च
सासूबाई पहाटे पाचला सायकल घेऊन बाहेर पडतात. दाराच्या आवाजाने माझी झोपमोड होते. झोप हा ॲथलीटचा अर्धा खुराक. हिच्याकडे तक्रार केली. ही म्हणाली, बोलते. उठून तिने आईसाठी चार अंडी उकडली.
आणखी एक. काठी महिनाभर व्हॅनमध्येच आहे आणि सासूबाईंनी ती मागितलेली नाही. वयाप्रमाणे विसरायला होतं.

१४ मार्च
आतापर्यंतचा तक्ता फ्रिजवर लावला. पोहणं अडतीस किलोमीटर, सायकल नऊशे दहा, चालणं-धावणं दोनशे वीस. मेहुण्याने विचारलं, यातले तुमचे किती. टीम म्हणजे काय ते त्याला पंधरा मिनिटं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

२३ मार्च
फिटनेस सर्टिफिकेट. डॉक्टरांनी छाती तपासली आणि एका ठोकळ्यावर वीस वेळा चढ-उतर करायला सांगितली. बाराव्या वेळी त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली. मग हिला बाहेर नेऊन काही तरी बोलले. बरोबर आलेल्या सासूबाईंनी तोवर वीस वेळा केलं. ठोकळा मोकळाच होता म्हणून आणखी वीस वेळा.
घरी येताना हिच्या पर्समध्ये सर्टिफिकेट दिसलं. एकच. मी वाचलं नाही. कागदपत्रं हे चीफचं खातं आहे, मी कुणाच्या खात्यात ढवळाढवळ करत नाही.

५ एप्रिल
शर्यतीआधी दोन आठवडे ट्रेनिंग कमी करायचं असतं. कमी करायला जागा शोधतो आहे.

१७ एप्रिल, तलावाकाठचं गेस्ट हाऊस
नावनोंदणी. स्पर्धकाला निळा पट्टा, क्रूला पिवळा. टेबलावरच्या मुलीने माझ्या मनगटावर पिवळा बांधला आणि सासूबाईंच्या निळा.
मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, फॉर्मची शेवटची तारीख पंचवीस मार्च होती आणि सर्टिफिकेटवर ज्याचं नाव, त्याचाच फॉर्म भरता येतो. शांतपणे म्हणाली. तेच वाईट.
रागावायला हवं होतं. पण ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो: मला हायसं वाटलं. दोन आठवडे डोळे मिटले की पाणी दिसत होतं.
नंतर विचार केला, कोच म्हणून क्रूला माझी गरज आहेच. ऑफिसला कळवायची घाई नको.
जेवताना सासूबाईंनी हिला विचारलं, हे तीन दिवस पुरे केले तर किल्ली देशील? ही ताटातला बटाटा चिवडत राहिली.

१८ एप्रिल
पोहणाऱ्याबरोबर क्रूचा एक माणूस छोट्या होडीत हवा. मी गेलो. होडी दोनशे मीटरवर उलटली. दोष होडीचा. सासूबाईंनी मला होडीची कड दोन्ही हातांनी धरायला सांगितली, कोणी तरी येईल म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पुढे होडीत मेहुणा बसला.
सासूबाई चार तास पन्नास मिनिटांनी बाहेर आल्या. डोळे लाल, ओठ निळे. कपडे बदलून सरळ सायकलवर. दीडशे किलोमीटर संपले तेव्हा बारा तासांतली नऊ मिनिटं शिल्लक होती.
ही रात्रीचं जेवली नाही. म्हणाली, आईला काही झालं तर तुम्हाला सोडणार नाही. मी काय केलं?

१९ एप्रिल
सकाळपासून काठीने एक्केचाळीस बाटल्या दिल्या. एकही हुकली नाही. हे काम मला जमतं. हे मी उगाच म्हणत नाही, मेहुणाही म्हणाला.
जेवणानंतर किंचित डोळा लागला. दोन तास. मेहुणा म्हणतो, हिची शिट्टी माझ्या घोरण्यात ऐकू येत नव्हती. सासूबाईंनी व्हॅनच्या जवळ येऊन माझ्या हातातून काठी काढून घेतली, तिच्या मुठीने मागचा केळ्यांचा घड ओढला, दोन केळी घेतली आणि काठी परत माझ्या हातात दिली. आजचा दिवस चार मिनिटं राखून पार पडला.

२० एप्रिल
तिसऱ्या दिवशी क्रूला स्पर्धकाबरोबर धावता येतं. मी शेवटचे दहा किलोमीटर धावायचं ठरवलं होतं. फोटोही येईल आणि सासूबाईंना धीरही.
नऊशे मीटर. मग उजव्या पोटरीत गोळा आला. मेहुण्याने मला व्हॅनमध्ये लॉन्ड्रीच्या गाठोड्यांवर आडवं केलं. त्यामुळे पुढचं सगळं मी मागच्या काचेतून पाहिलं.
सत्त्याहत्तराव्या किलोमीटरला सासूबाई रेंगाळायला लागल्या. घोटा सुजला होता. ही गाडीतून उतरली आणि त्यांच्या शेजारी चालायला लागली. रडत होती. म्हणाली, आई, बस झालं, चल गाडीत. सासूबाई म्हणाल्या, किल्ली आणलीस का? हिने गळ्यातली दोरी ओढून ड्रेसमधून किल्ली बाहेर काढली. म्हणजे शर्यतीच्या पहिल्या दिवसापासून ती किल्ली हिच्या गळ्यातच होती. सासूबाईंनी किल्लीकडे बघितलं. म्हणाल्या, आत्ता तुझ्याकडेच ठेव, मला हात मोकळे हवेत.
अकरा तास बावन्न मिनिटं. साठीच्या पुढच्या त्या एकट्याच होत्या. रेषा ओलांडली आणि हिच्यापुढे हात केला. हिने दोरीसकट किल्ली त्यांच्या गळ्यात घातली, मेडलच्या आधी.
फोटो मी काढला. फोटोत माझा अंगठा आला आहे. मी रडत होतो.

२६ एप्रिल, रविवार
सासूबाई सकाळी गेल्या. हिने त्यांना चार वेळा फोन चार्ज आहे ना विचारलं. सायकल त्यांनी नेली, म्हणाल्या, तुम्ही नाहीतरी बसत नाही. काठी दारामागे ठेवून गेल्या. तुमच्या पोटरीला होईल म्हणाल्या.
मागची खोली आता माझी. मुख्यालय. टेबल ठेवलं, तक्ता लावला.
आज पहाटे पाचलाच जाग आली. अजून त्या घरातच होत्या, पण दार वाजलं नाही. त्या सामान बांधत होत्या. मला पुन्हा झोप लागली नाही. घर ओकंबोकं वाटतं. असं वाटेल हे मला वाटलं नव्हतं.

२९ एप्रिल
ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपण पूर्ण केली. हे अक्षरशः खरं आहे. साहेब म्हणाले, सोमवारी मेडल आणा, छोटासा सत्कार ठेवू.

३ मे, रविवार
मेडल मागायला सासूबाईंकडे गेलो. पोटरी अजून दुखते, म्हणून काठी घेतली.
प्रत्येक जिन्याला वीस पायऱ्या. पहिला जिना झाला. दुसऱ्याच्या शेवटी छाती भात्यासारखी व्हायला लागली, तिथेच कठड्याला टेकून बसलो. इमारतीला लिफ्ट हवीच, हे मनात लिहूनही झालं. मग फोन केला.
सासूबाई खाली आल्या. एका हातात बाटली, दुसऱ्यात केळं. मी म्हटलं, तेवढं मेडल खाली आणलंत तर बरं. म्हणाल्या, मेडल वर आहे, तुम्हीही वर या. बाटलीचं झाकण काढून दिलं आणि माझ्यापुढे एक पायरी राहून मोजत चढायला लागल्या.
पन्नासाव्या पायरीवर मी थांबलो. ऑफिसात काय सांगितलंय ते सांगितलं. मग म्हटलं, मी शर्यत केलीच नाही. त्या म्हणाल्या, माहितीये, मी होते तिथे. आणि एक्कावन्न म्हणाल्या.
वर गेलो. दार उघडं होतं. खिडकीशी सायकल. चहा केला त्यांनी, मला बसू दिलं. मग म्हणाल्या, तुमच्या बाटल्या वेळेवर येत होत्या हो. मला एकदम भरून आलं. आजवर मला कामाबद्दल कोणी असं म्हटलेलं नाही, एकोणीस वर्षांत सगळ्या तक्रारीच ऐकल्या.
उतरायला चौदा मिनिटं लागली.
आजचा हिशोब: पायऱ्या साठ. वेळ एकवीस मिनिटं. थांबे चार. क्रू एक. सगळ्या पायऱ्या माझ्या.
बसस्टॉपवर आल्यावर आठवलं, मेडल वरच राहिलं.