सही केलेला प्रत्येक कागद

बारामती, रविवार संध्याकाळ

कन्हेरीला वडिलांना भेटून आले, पण संजयचं वाक्य डोक्यातून जाईना. आबांच्या अंगठ्याला निळी शाई दिसली म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, आजारपणापासनं आबांनी सही केलेला परत्येक कागद मी त्यास्नी आधी वाचून दाखवलाय."

धाकटा भाऊ माझा. तोंडावर खोटं कधी बोलत नाही. वाक्य वहीत चिन्हांत मांडून पाहिलं, तर्कशास्त्राच्या तासाला मांडते तसं. खोट सापडेना. मग खुपतंय काय?

सही केलेला प्रत्येक कागद. आणि तसा एकही नसेल तर? तरी वाक्य खरंच ठरतं! दरवर्षी मुलांना शिकवते की हे.

लकवा झाल्यापासून आबांना सही करताच येत नाही. ती निळी शाई.

फोन लावला. "अंगठा दिलेला कागद वाचून दाखवलास का रे?"

तो म्हणाला, "ताई, जेवलीस का?"